आंबट दुधाचं गणित

हिर्डोशीच्या अलीकडच्या फाट्यावर डेअरीचा टेम्पो आला तेव्हा दहा वाजून गेले होते. सात वाजल्यापासून ओळीनं मांडून ठेवलेल्या किटल्यांवर ऊन चढत होतं. धनाजी ढेबेनं आपली किटली दोनदा उचलून जांभळाच्या सावलीत नेली होती, आणि दोन्ही वेळा सावली पुढं सरकली होती. पूर्वी टेम्पो साडेसातला यायचा. मार्चमध्ये घाटाकडचा रस्ता खणायला घेतला, तेव्हापासून त्याला वेळ राहिली नव्हती.

दूध तपासणारा सोमनाथ टेम्पोच्या फळीवर बसूनच काम करायचा. वयानं तो धनाजीपेक्षा दहा वर्षांनी लहान. झाकण उघडायचा, नाक आत घालायचा, परीक्षानळीत थोडं दूध घेऊन त्यात तेवढंच स्पिरिट ओतायचा. नळीच्या काचेला कण चिकटले की दूध परत. कण नाही दिसले, तर दुसऱ्या बाटलीतले दोन थेंब. त्यानं दूध बदामी झालं तर चांगलं. गुलाबी झालं तर आत सोडा आहे.

धनाजीची नळी गुलाबी झाली, तीही जास्वंदीच्या पाकळीसारखी. सोमनाथनं ती उन्हात धरून सगळ्यांना दाखवली.

"धनाजीराव, दुधाचं लगीन हाय का काय आज? चांगलं कुकू लावून आणलंय."

लोक हसले. धनाजीही थोडं हसला, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. आठ दिवसांपूर्वी त्याचं दूध फुटलं म्हणून परत आलं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून आज त्यानं पहिल्यांदाच मूठभर खाण्याचा सोडा टाकला होता. सोमनाथनं वहीत धनाजीच्या सत्तावीस नंबरापुढं दुसरी फुली मारली. तिसरी फुली पडली की नंबर बंद, हा डेअरीचा नियम. मग त्यानं एका मळक्या बाटलीतला निळा रंग किटलीत ओतला. परत केलेलं दूध दुसऱ्या कुणाला विकता येऊ नये म्हणून असं करायचे.

बारा लिटर निळं दूध डोक्यावर घेऊन धनाजी तासाभराची चढण चढला.

ढेब्यांची वस्ती चार घरांची. धनाजीच्या गोठ्यात तीन म्हशी, त्यांतल्या दोन दुभत्या. भात आणि नाचणी घरी खाण्यापुरती. मीठमिरचीपासून मुलीच्या, शेफालीच्या, एसटीच्या पासापर्यंत बाकीचं सगळं त्या किटलीतून यायचं. शेफाली भोरला अकरावी सायन्सला होती. परीक्षा होऊन तिला सुट्टी लागली होती.

किटली धुवायचं काम तिच्याकडं आलं. निळं दूध तिच्या आजीनं, सोजराबाईनं, वाटेवर ओतू दिलं नाही. दुधावर कुणाचा पाय पडू नये म्हणून ते पार कड्यापाशी नेऊन टाकावं लागलं. किटलीच्या गळ्याशी दुधाची साय जमली होती, रबरासारखी, निळसर. शेफालीनं आत हात घालून ती नखानं खरवडली. आंबट, कोंदट वास होता, ओकलेल्या तान्ह्या पोराच्या दुपट्याला येतो तसा. राखेनं दोनदा घासूनही तो हाताला राहिला. जेवताना भाकरीचा घास तोंडाशी आला की आधी तोच यायचा.

धनाजी जेवून ओट्यावर बसला होता. त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढली. पहिल्यांदा दूध परत आलं तेव्हा प्लांटवरून त्याच्या नमुन्याची ही चिठ्ठी आली होती. त्यावर छापलं होतं, आम्लता ०.१९. खाली, मर्यादा ०.१५.

"ह्ये तुमच्या सायन्सातलं हाय ना?" त्यानं शेफालीला विचारलं. "सोडा म्या टाकला त्यो जास्ती झाला. मग कमी किती टाकायचा?"

शेफालीनं चिठ्ठी घेतली. सोडा टाकणं बरोबर नाही, असं ती म्हणाली. धनाजीनं ते ऐकून घेतलं आणि सकाळी आपण काढलेलं दूध चांगलं होतं की नाही, एवढंच तिला विचारलं. चांगलं होतं. मग ते खराब कुणी केलं? टेम्पोनं. मग आपण फक्त ते पहिल्यासारखं करतोय, त्यात काय चुकलं?

शेफालीनं वहीचं मागचं पान उघडलं. हिशोब तिला येत होता. अकरावीच्या पहिल्याच प्रकरणात तो होता, आणि त्यात तिला वीसपैकी वीस होते.

दुधातली आंबटपणाची वस्तू म्हणजे लॅक्टिक आम्ल. त्यात तीन कार्बन, सहा हायड्रोजन, तीन ऑक्सिजन. छत्तीस, सहा आणि अठ्ठेचाळीस मिळून नव्वद. म्हणजे या आम्लाचा एक मोल नव्वद ग्रॅमचा. खाण्याच्या सोड्यात एक सोडियम, एक हायड्रोजन, एक कार्बन, तीन ऑक्सिजन. तेवीस, एक, बारा आणि अठ्ठेचाळीस मिळून चौऱ्याऐंशी. आम्लाच्या एका मोलला सोड्याचा एक मोल लागतो. ०.१९ मधून ०.१५ गेले, शंभर ग्रॅम दुधात ०.०४ ग्रॅम आम्ल जास्त. बारा किलोला चार पूर्णांक आठ ग्रॅम. भागिले नव्वद, गुणिले चौऱ्याऐंशी. साडेचार ग्रॅम, त्यातही किंचित कमी.

घरात एवढं मोजणारा काटा नव्हता. तिनं शंभर ग्रॅमची सोड्याची पुडी फोडली, चहाचा चमचा सुरीच्या पाठीनं सपाट करत करत ती सगळी पुडी ताटात मोजली. बावीस चमचे निघाले. म्हणजे एक सपाट चमचा, साडेचार ग्रॅम.

"एक चमचा?" धनाजी म्हणाला. "म्या आख्खी मूठ टाकली हुती."

"म्हणून गुलाबी झालं. उरलेला सोडा दुधात तसाच राहिला."

"आन आता?"

"आता उरणार नाही."

दुसऱ्या दिवशी दूध पास झालं. नळी बदामी राहिली. त्यानंतर रोज पास होत गेलं. ऊन वाढलं तसा तिनं चमचा सव्वा केला. पहाटे पाचला रत्ना, तिची आई, धारा काढायची. घरच्या चहापुरतं दूध आधी तांब्यात बाजूला निघायचं, मग किटलीत सोडा पडायचा. हा क्रम कुणी ठरवला नव्हता. पहिल्याच दिवशी रत्नानं न बोलता तांब्या आधी भरला आणि मग झाकण शेफालीकडं सरकवलं. शेफालीला ते दिसलं. रत्नालाही ते शेफालीला दिसल्याचं कळलं.

एकदा धनाजी तिला मुद्दाम फाट्यावर घेऊन गेला. बंडूच्या हॉटेलात त्यानं दोन चहा सांगितले आणि बसलेल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की आपली पोरगी सायन्सला आहे, दुधाचं सगळं तिला वजनात कळतं. बंडू चहाचं दूध टेम्पोच्याच कॅनमधून घ्यायचा. ते शेफालीला माहीत होतं. कप तोंडाला लावल्यावर तिला आधी साखर लागली, मग आलं, आणि सगळ्यात मागं जिभेच्या कडेला साबणाच्या फेसासारखी एक पातळ चव. बाकी कुणालाच ती लागत नव्हती. माणसं बशीत ओतून फुरके मारत होती. समोर एका म्हाताऱ्यानं तोच चहा नातवाला फुंकून पाजला. तिनं घोट गिळला, कारण तोंडातला थुंकायला जागा नव्हती. उरलेला कप तिनं तसाच बाकाखाली ठेवला. धनाजीनं तो उचलून पिऊन टाकला.

मग वस्तीतली बाळाबाई आली. बाळाबाई विधवा, घरात एक म्हैस, दूध पाच लिटर. तिच्याही नंबरापुढं दोन फुल्या होत्या. शेफाली त्या दिवशी पाटाच्या पाण्यावर धुणं धुवायला गेली होती, म्हणून बाळाबाईनं रत्नाला विचारलं. रत्नानं चमचा दाखवला आणि सपाट करून टाक म्हणाली. पाच लिटरला अर्ध्याहून कमी लागेल, हे रत्नाला माहीत नव्हतं. बाळाबाईच्या घरात खाण्याचा सोडा नव्हता, हे तर कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी ती रिकामी किटली घेऊन थेट ओट्यासमोर येऊन उभी राहिली. किटलीवर लाल रंगानं लिहिलेल्या तिच्या नंबरावरून काळा फराटा ओढलेला होता. रंग ओला असतानाच उचलल्यामुळं तिच्या हाताला, पदराला, गालालाही काळं लागलं होतं.

"तुमचं बदामी ऱ्हातं," ती म्हणाली, "आन माजं रगतावानी लाल झालं. असं कसं गं शेफे? घरच्याला एक माप, आन रांडमुंडीला दुसरं?"

कोणता सोडा टाकला, ते शेफालीनं विचारलं. बाळाबाईनं कमरेची पुडी काढून दाखवली. धुण्याचा सोडा होता. शेफालीनं तिला समजावायचा प्रयत्न केला की हा सोडा वेगळा, याचा एक मोल एकशे सहा ग्रॅमचा, पण तो आम्लाचे दोन मोल मारतो, म्हणून वजनाला तो कितीतरी कमी लागतो. शिवाय दूध पाचच लिटर. म्हणजे जेमतेम पाव चमचा. बोलता बोलता तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. वर्गात फळ्यासमोर उभं राहून बोलावं तसा, सरळ आणि स्वच्छ.

बाळाबाई तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"पांढरा त्यो सोडाच की गं," ती म्हणाली. "म्या कशी वळखावी?"

त्यानंतर बाळाबाईचं दूध घरीच राहू लागलं. चार दिवस तिनं दही लावलं, ताक केलं. ताक वस्तीत कोण घेणार? प्रत्येकाच्या घरी ताक होतंच. पाचव्या दिवशी तिच्या परसातून नासक्या दुधाचा वास येऊ लागला. माश्यांचा एक काळा पट्टा तिच्या दारापासून शेणकीच्या ढिगापर्यंत दिसायचा. शेफाली पाण्याला जाताना त्या बाजूनं जाईनाशी झाली. तरी वारा सुटला की वास घरात यायचा, आणि सोजराबाई म्हणायची की वास बाळाबाईच्या घरचा नाही, आपल्याच किटलीचा आहे, नीट घासत जा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात सोमनाथनं धनाजीला सांगितलं, उद्या पोरीला घेऊन या. चेष्टेनं नाही, हळू आवाजात. सगळ्यांची दुधं फुटतात आणि सत्तावीस नंबरचं कधीच फुटत नाही, हे त्याला केव्हाच कळलं होतं. धनाजीनं घरी येऊन ते सांगितलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भीती कमी आणि अभिमान जास्त होता.

दुसऱ्या दिवशी दोघं सातला फाट्यावर पोचली. टेम्पो सव्वादहाला आला. वरच्या वाड्यांचं दूध घेऊन आल्यामुळं तो भरत आलेला होता. मोठे दहा कॅन, चाळीस चाळीस लिटरचे. त्यांच्यावर ओली पोती टाकली होती, आणि त्या पोत्यांवर माश्यांचा थर इतका गच्च होता की पोती हलल्यासारखी दिसत होती. ड्रायव्हर हनुमंत स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता. सोमनाथ शेफालीला टेम्पोच्या मागं घेऊन गेला. धनाजी दोन पावलं मागं उभा राहिला.

सोमनाथचा चेहरा जवळून बघितल्यावर तो आजारी माणसासारखा दिसत होता. डोळे तांबारलेले, ओठांच्या कडा फुटलेल्या. त्यानं सांगितलं की रस्त्यात तीन ठिकाणी गाडी थांबते, खाली पोचेपर्यंत दोन वाजतात. कालचा सगळा टेम्पो प्लांटवाल्यांनी दूध न घेता बाहेर उभा केला. परवाचाही. त्यांच्या आकड्यात आम्लता शंभराला दोन शतांश जास्त येते.

"चारशे लिटरचं सांग ताई," तो म्हणाला. "बरुबर किती टाकायचं. कमी न्हाई, जास्ती न्हाई."

त्यानं सीटखालून प्लॅस्टिकची बरणी काढली. आत पांढरे पातळ तुकडे होते, मेणबत्तीच्या ढलप्यांसारखे. झाकणाजवळचे तुकडे हवेनं पाझरून एकमेकांना चिकटले होते. गटारं मोकळी करायला विकतात ते कॉस्टिक.

"खायचा सोडा दुपटीनं लागंल, पुड्या फोडताना लोक बघत्यात," सोमनाथ म्हणाला. "ह्ये थोडं लागतं म्हणं."

शेफालीला कॉस्टिक माहीत होतं. प्रॅक्टिकलला एकदा त्याचं पाणी तिच्या बोटांना लागलं होतं. आधी काहीच वाटलं नाही, फक्त बुळबुळीत लागलं. मॅडमनी हात नळाखाली धरायला लावला आणि सांगितलं, ती बुळबुळ कॉस्टिकची नाही, तुझ्या कातडीवरच्या तेलाचा साबण होतोय. कितीही धुतलं तरी ती बोटं दिवसभर तिला दुसऱ्या कुणाची तरी वाटत होती.

सोमनाथ बोलत होता. तिच्या वडलांचं दूध यापुढं तो तपासणारच नाही. नळी नाही, थेंब नाही. सत्तावीसच्या दोन्ही फुल्या आजच खोडून टाकेल. बारावी झाली की प्लांटवर मुली घेतात, तिथं शब्द टाकेल. आणि नाहीच जमलं, तर फुल्या दोन आहेतच. हे शेवटचं त्यानं धमकीसारखं म्हटलं नाही. नुसतं आठवण करून दिल्यासारखं म्हटलं.

त्याचं बोलणं संपायच्या आधी तिच्या डोक्यात आकडा तयार होता. तो तिनं बोलावला नव्हता. तेवीस, सोळा आणि एक, चाळीस. चारशे किलोला आम्ल ऐंशी ग्रॅम जास्त. भागिले नव्वद, गुणिले चाळीस. आकडा स्वच्छ होता, बरोबर होता, आणि तिच्या तोंडात येऊन थांबला होता. पोत्यांवरच्या माश्या एकदम उठल्या आणि पुन्हा बसल्या.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"हे येत नाही. शिकवलेलं नाही."

"बारा लिटरचं येतंय, आन चारशेचं येत न्हाई?"

"ते अंदाजानं टाकलं होतं."

सोमनाथनं धनाजीकडं बघितलं. धनाजी पुढं आला. बोल की गं, असं तो दोनदा म्हणाला, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. तोवर किटल्यांपाशी बसलेली माणसं वळून बघू लागली होती. शेफाली खाली मान घालून उभी राहिली. वर्गात उत्तर न येणारी मुलं अशी उभी राहतात. तिच्यावर ती वेळ कधी आली नव्हती.

"ह्या शिकल्या," सोमनाथ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बापाचं यष्टीचं पैशे फुकाट घालवलं."

दोघाचौघांनी हसून साथ दिली. मग त्यानं सत्तावीस नंबरची किटली पुढं ओढली. स्पिरिट टाकलं, दूध फुटलं नाही. थेंब टाकले, दूध बदामी राहिलं. नळी त्यानं एकदा हलवली, पुन्हा हलवली. शेफालीचं माप अगदी चोख होतं. त्यानं नळी पाठीमागं ओतून टाकली.

"वास मारतंय," तो म्हणाला, आणि वहीत तिसरी फुली मारली. ब्रशनं किटलीवरच्या सत्तावीसवरून काळा फराटा ओढला. निळा रंग टाकायची त्यानं तसदीही घेतली नाही. नंबरच राहिला नव्हता.

धनाजी सोमनाथशी भांडला नाही, शेफालीकडं बघितलंही नाही. किटली डोक्यावर घेऊन चालू लागला. ती मागून. चढणीवर दगड तापले होते, चपलेच्या तळातून चटका बसत होता. धनाजीच्या मानेवरून घाम ओघळत होता, आणि ओला काळा रंग त्या घामाबरोबर पाठीवर उतरत होता. निम्म्या चढणीवर तो थांबला. किटली खाली ठेवून दम घेतला.

"येत हुतं न्हवं तुला?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"किती?"

"पस्तीस ग्रॅम. वर थोडं."

धनाजीनं तोंड पुसलं.

"त्या कास्टिकानं माणूस मरतं का गं?"

"एवढ्यानं नाही मरत. ते आम्लात मुरून जातं, कळत बी नाही. आपल्या सोड्यासारखंच."

खालून टेम्पो निघाल्याचा आवाज आला, गिअर बदलला, आणि आवाज दूर गेला.

"म्हंजी त्यो अन् आपुन येकच," धनाजी म्हणाला.



धनाजीनं किटली उचलली. वाट सोडून, करवंदीच्या जाळीतून अंग ओरबाडून घेत, जिथं गुरंसुद्धा जात नाहीत अशा उतारावर गेला आणि किटली उपडी केली. बारा लिटर दूध पालापाचोळ्यावरून घरंगळत गेलं, दगडापाशी साचलं, आणि जमीन ते शोषेना म्हणून तसंच पांढरंफेक राहिलं. तो बघत उभा राहिला. मग रिकामी किटली घेऊन वर आला. ती त्यानं तिच्याकडं दिली नाही. स्वतःच काखेत मारली.

"चल," तो म्हणाला. "संध्याकाळच्या धारा हायेत."